टक्का घटला म्हणजे गुन्हा झाला का?

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरचा पथकर नाका, एवढीच उर्से गावाची ओळख राज्यातल्या बहुतेकांना असते. मावळातल्या या गावच्या शिवारात कारखाने आले, रस्ते रुंद झाले, जमिनींचे भाव चढले. पण याच गावातल्या माणसाला आपले दिव्यांगत्व सरकारदरबारी पुन्हा सिद्ध करायची वेळ आली, तर त्याची वाट आजही लांबचीच आहे. निराधार योजनेचे काम वडगावच्या तहसील कार्यालयात, तपासणी औंधच्या जिल्हा रुग्णालयात नाहीतर ससूनला, आणि दाद मागायची तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात. धडधाकट माणसाचा यात एक दिवस मोडतो. ज्याच्या मणक्याला दुखापत आहे, ज्याला ऐकू कमी येते आणि सोबत नेण्यासाठी घरातल्या कुणाचा तरी खाडा करावा लागतो, त्याचे बळ या फेऱ्यांतच संपते. त्यातून हातात पडलेला कागद नुसत्या तपासणीचा नसून संशयाचा असेल, तर त्या घरावर काय गुदरते याचा विचार पडताळणीच्या आदेशात कुठेतरी दिसायला हवा.

पडताळणी व्हायला हवी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रकरणाने हा प्रश्न घरोघर पोहोचवला. केंद्रीय लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवामुक्त केले. त्यांच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांवरच्या आरोपांचा निवाडा न्यायालयात व्हायचा आहे. पण ही प्रमाणपत्रे कशी दिली जातात, हा सवाल त्या निमित्ताने साऱ्या राज्याने विचारला. पुढे २०२५ मध्ये दिव्यांग कल्याण विभागाने जिल्हा परिषदांसह शासकीय यंत्रणेतील दिव्यांग कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे आणि वैश्विक ओळखपत्रे तपासण्याचे आदेश दिले. काही जिल्ह्यांत निलंबने झाली. ज्यांच्या हक्काच्या जागा खोट्या कागदांवर बळकावल्या गेल्या, त्या खऱ्या दिव्यांगांनीच या मोहिमेचे सर्वाधिक स्वागत केले आणि ते योग्यच होते. आमचे म्हणणे वेगळे आहे. बनावट कागद आणणारा माणूस आणि फेरतपासणीत ज्याचा टक्का कमी निघाला तो माणूस, हे दोघे एकाच यादीत बसवता कामा नयेत. तसे झाले तर मोहीम ज्यांच्यासाठी सुरू झाली त्यांच्यावरच उलटेल.

खोट्या प्रमाणपत्राचा बाजार कशावर चालतो ते आधी पाहू. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या ३४व्या कलमाने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. वैद्यकीय प्रवेशात राखीव जागा आहेत. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांगांना विशेष संवर्गात प्राधान्य मिळते. प्राप्तिकरात सवलत आहे, वाहतूक भत्ता जादा आहे. एका कागदाने आयुष्यभराची नोकरी मिळत असेल किंवा दुर्गम शाळेवरची बदली टळत असेल, तर तो कागद विकणारा दलाल आणि विकत घेणारा गिऱ्हाईक दोघेही सापडणारच. दुसरीकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्यात दिव्यांगांना मिळणारी रक्कम दरमहा १,५०० रुपये होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आधार जोडलेले खाते लागते. एवढ्या रकमेसाठी कुणी खोटेपणा करणारच नाही असे नाही. पण जिथे लाभ मोठा तिथे लबाडी मोठी, हा साधा हिशेब आहे, आणि तपासाची ताकदही त्याच क्रमाने वापरली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, तेही दिव्यांगत्वाचे फक्त आठ प्रकार धरून. आता कायद्यात २१ प्रकार आहेत. इतक्या माणसांना सरसकट पुन्हा तपासायला राज्यात पुरेसे तज्ज्ञही नाहीत.

आता टक्क्याची गोष्ट. चाळीस टक्के ही लाक्षणिक दिव्यांगत्वाची कायदेशीर रेषा आहे. रेषेच्या अलीकडे बहुतेक लाभ नाहीत, पलीकडे आहेत. पण टक्का म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. तो सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, ऐकण्याची चाचणी, मानसिक आजारात स्वतःची काळजी, संवाद, नाती आणि काम यांत येणारी अडचण अशा अनेक मोजमापांतून निघतो, आणि ती मोजमापे माणूस करतो. बहुविकलांगता, म्हणजे एकाहून अधिक दिव्यांगत्व असेल, तर केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी सूत्र दिले आहे. मोठ्या टक्क्यात लहान टक्का जसाच्या तसा मिळवायचा नाही. नव्वदमधून मोठा टक्का वजा करून जो उरतो त्याने लहान टक्क्याला गुणायचे, नव्वदने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्यात मिळवायचे. समजा, मावळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कामगाराची बोटे प्रेसखाली गेली आणि त्या हाताचे दिव्यांगत्व ३० टक्के ठरले. वर्षानुवर्षांच्या आवाजाने त्याची श्रवणशक्तीही गेली, तिचे २० टक्के. सूत्राने एकूण ४३ टक्के होतात आणि तो लाभास पात्र ठरतो. फेरतपासणीच्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ हजर आहेत, पण श्रवणचाचणी झालीच नाही, तर कागदावर उरतात ३०. माणूस तोच, हात तोच, कान तेच. अहवाल मात्र सांगतो की हा अपात्र. त्याला फसवणूक करणारा म्हणायचे का?

हा धोका एकाच वेळी अनेक आजार सोसणाऱ्यांना सर्वांत जास्त आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण एका आठवड्यात चालतो आणि पुढच्या आठवड्यात त्याला उठवत नाही. सिकलसेलच्या वेदना येतात तेव्हा माणूस तडफडतो, ओसरल्या की बाहेरून काहीच दिसत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाची अवस्था औषधाचा अंमल किती उरला आहे त्यावर तासातासाला बदलते. हे सगळे आजार २०१६ च्या कायद्याच्या यादीत आहेत. पण लोकांच्या मनात अपंग म्हणजे कुबडी, काळा चष्मा किंवा तीनचाकी सायकल. म्हणून ‘परवा तर बाजारात चालताना पाहिला होता’ एवढ्यावर गावात तक्रारअर्ज होतो. अशा अर्जावर चौकशी लागली की ताणाने झोप जाते, झोप गेली की दुखणे वाढते, मानसिक आजार असेल तर तो उफाळतो. ज्या दिवशी आपली बाजू सर्वांत नीट मांडायची, त्याच दिवशी हा माणूस मांडणीला सर्वांत असमर्थ असतो. कागद वाचून समजणे, मुदतीत उत्तर देणे, जुन्या फायली शोधणे हे त्याच्या आजाराने आधीच अवघड केलेले काम आहे. चौकशी करणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही, तर उत्तर न आल्याचा अर्थ कबुली असा लावला जातो.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या अधिनियमाचे ९१वे कलम लाक्षणिक दिव्यांगांसाठीचा लाभ कपटाने घेणाऱ्याला किंवा घेऊ पाहणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. इथे कपट हा गुन्ह्याचा गाभा आहे. सरकारी रुग्णालयाने रीतसर तपासून दिलेल्या प्रमाणपत्रावर लाभ घेतला आणि नंतर दुसऱ्या मंडळाचे मत वेगळे पडले, तर त्यात कपट कुठे आहे? मुदतीचे प्रमाणपत्र संपले आणि नूतनीकरण राहिले, हेही कपट नव्हे. जुन्या हस्तलिखित प्रमाणपत्राची नोंद रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नसेल, तर पहिला जाब नोंदवही सांभाळणाऱ्याला विचारायला हवा. शिवाय त्याच कायद्याचे ५९वे कलम प्रमाणपत्राविषयीच्या निर्णयावर अपिलाचा हक्क देते. अपील निकाली निघण्याआधीच लाभ तोडला, वसुली काढली आणि नाव गावात पसरले, तर तो हक्क कागदावरच राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात दिलेला निकाल इथे महत्त्वाचा आहे. लिहिताना हात आखडण्याचा मज्जासंस्थेचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारण्यात आला होता, कारण त्याचे दिव्यांगत्व लाक्षणिक प्रमाणाएवढे भरत नव्हते. सवलत दिली तर गैरवापर होईल, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. काही जण गैरफायदा घेतील या भीतीने सगळ्या दिव्यांगांकडे संशयाने पाहणे कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे, हे त्या निकालाचे सूत्र आहे. ते परीक्षेइतकेच पडताळणीलाही लागू पडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जो खरा आहे त्याला तपासणीची भीती कशाला? भीती असते ती तपासणीच्या रीतीची. तज्ज्ञ रजेवर असणे, दहा मिनिटांत उरकलेली पाहणी, जुने अहवाल न वाचता केलेली नोंद यांचा फटका खऱ्या-खोट्याला सारखाच बसतो. उलट ज्याच्या मागे दलाल आहे तो कागद तयार ठेवून येतो. दुसरा आक्षेप जनतेच्या पैशाचा. चौकशी चालू असताना पैसे देत राहिलो आणि माणूस खोटा निघाला तर वसूल कसे करणार, असे अधिकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण दोन्ही चुकांची किंमत समोरासमोर ठेवा. तीन महिने चौकशी लांबली आणि लाभार्थी खोटा निघाला, तर सरकारचे ७,५०० रुपये अडकतात. तो खरा निघाला आणि पैसे थांबवलेले असतील, तर तीन महिन्यांची औषधे बंद होतात, आणि थांबलेल्या औषधाने झालेली हानी थकबाकी मिळाल्याने भरून येत नाही. लाखो रुपयांची नोकरी किंवा वैद्यकीय जागा पणाला असेल तिथे कडक अंतरिम कारवाईचे समर्थन करता येईल, मात्र तिथेही प्रथमदर्शनी पुरावा हवा. तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो: आधी कळवले, मुदत दिली, तर टोळ्या सावध होतील आणि नोंदी बदलतील. हे खरे आहे. म्हणूनच गुप्तपणे आणि अचानक तपासायच्या त्या रुग्णालयाच्या नोंदवह्या, संगणकातल्या नोंदी, एकाच सहीची एकाच आठवड्यात निघालेली प्रमाणपत्रे. लाभार्थ्याच्या शरीराची तपासणी अचानक करून यातले काहीच हाती लागत नाही. बनावट प्रमाणपत्र कुणीतरी सही केल्याशिवाय किंवा कुणीतरी छापून दिल्याशिवाय बनत नाही. शोध तिथून सुरू झाला तर शेकडो खोटे लाभार्थी एकदम सापडतील आणि हजारो खरे दिव्यांग रांगेतून वाचतील.

संशयाला धोरण केले की काय होते, हे नेदरलँड्सने पाहिले आहे. बालसंगोपन भत्त्यात फसवणूक झाली म्हणून तिथल्या कर खात्याने हजारो पालकांकडून पूर्ण रकमा वसूल केल्या. अनेकांची चूक अर्जातल्या एखाद्या उणिवेपलीकडे नव्हती. पण उणीव आणि लबाडी यांत फरक करायचे यंत्रणेने सोडून दिले होते. कुटुंबे कर्जात बुडाली, घरे मोडली, आणि संसदीय चौकशीच्या ठपक्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. नोंदी, कर्मचारी, पैसा हे सारे मुबलक असलेल्या देशात हे घडले. आपल्याकडे नोंदी अपुऱ्या, तज्ज्ञ अपुरे आणि सोसणाऱ्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत. तेव्हा सावधगिरी आपल्याला अधिक हवी.

राज्य सरकारने काही गोष्टी तातडीने कराव्यात. पडताळणीच्या अहवालात ‘बनावट’, ‘टक्केवारीत बदल’ आणि ‘नोंद अनुपलब्ध’ असे तीन वेगळे रकाने असावेत आणि ९१व्या कलमाची कारवाई फक्त पहिल्यावर, कपटाचा पुरावा नोंदवून व्हावी. ज्याला एकाहून अधिक आजार आहेत त्याची तपासणी सर्व संबंधित तज्ज्ञांनी एकाच फेरीत करावी. अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी पथक जावे. टक्का कमी निघाल्यास तो का निघाला हे मराठीत लिहून द्यावे आणि आधीच्या मंडळाचे मोजमाप त्याच्या शेजारी मांडावे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत निराधार योजनेचे पैसे थांबू नयेत. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. कारखान्यांच्या कराने ज्यांची तिजोरी बरी आहे, अशा उर्सेसारख्या गावांनी त्यातून तपासणीला जाण्या-येण्याचे वाहन द्यायला हरकत नाही. सरकारने त्याला स्पष्ट मुभा द्यावी.

आणि ज्यांच्या हाती आज नोटीस आहे त्यांनी हे जाणून घ्यावे की, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या १२व्या कलमाप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागता येतो. नोटिशीचे उत्तर लेखी द्यावे, त्याची पोच घ्यावी, मुदत अपुरी असेल तर आजाराचे कारण लिहून वाढवून मागावी, आणि तपासणीला जाताना एकाच नव्हे तर प्रत्येक आजाराचे कागद सोबत न्यावेत. हे सगळे माहीत नसलेला माणूसच बहुतेक वेळा हरतो. म्हणून उर्स्याच्या माणसाला जाणाऱ्या नोटिशीवर वडगावच्या तालुका विधी सेवा समितीचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि अपिलाची मुदत मोठ्या अक्षरांत छापलेली असावी, आणि असा मजकूर नसलेली नोटीस ग्राह्य धरू नये, असा आदेश दिव्यांग कल्याण विभागाने काढावा.