बंदराची धूळ आणि टनाचे गणित

चोहो बाजूंनी अरण्य आणि डोंगर असलेल्या बालाघाटात बसून बंदरांविषयी लिहावे, हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी समुद्र अद्याप पाहिलेलाही नसेल. परंतु भूगोलाच्या पुस्तकात 'पृष्ठप्रदेश' असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला की ही शंका उरत नाही. ज्या मुलुखातला माल एखाद्या बंदरातून बाहेर जातो आणि ज्याच्यासाठी बाहेरचा माल तेथे उतरतो, तो मुलूख त्या बंदराचा पृष्ठप्रदेश होय. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले, त्यामागे मध्य प्रांतातले मँगनीज परदेशी धाडण्याची सोय हा एक प्रमुख हेतू होता. त्याआधी दोन वर्षे रायपूर-विजयनगरम लोहमार्ग पुरा झाला, तोही याच सोयीसाठी. बालाघाट, भंडारा आणि नागपूर हे या मँगनीजचे जिल्हे. आज भरवेलीचे मँगनीज देशातल्याच कारखान्यांत खपते आणि गंमत अशी की, त्याच विशाखापट्टणमात आता परदेशचे मँगनीज उतरते! असो. सांगण्याचा मुद्दा एवढाच की, बंदरावर जे काही घडते त्यात आपला वाटा नाही, असे म्हणण्याची सोय आपणांस उरलेली नाही.

माझी मातृभाषा कोंकणी. त्यामुळे बंदर म्हटले की माझ्यासमोर प्रथम उभे राहते ते गोव्यातले मुरगाव. पोर्तुगीज अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्गासह वाढीस लागलेले हे बंदर गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली देशातल्या प्रमुख बंदरांत गणले गेले. अनेक दशके तेथून लोहखनिज गेले. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि पुढल्या काळात आयात कोळशाचे महत्त्व वाढले. हा कोळसा जहाजांतून येतो आणि आगगाडीने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वाटेत तो किती वेळा उचलला आणि टाकला जातो, हे मोजून पाहावे. यारीचा पंजा तो जहाजाच्या पोटातून काढतो, धक्क्यावर ओततो, तेथून त्याचा ढीग होतो आणि ढिगातून तो वाघिणीत पडतो. प्रत्येक पतनाबरोबर काही भाग हवेत राहतो. बंदर समुद्राकडे आणि वास्को शहर त्याला लागून. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, हे आमचा सातवीतला मुलगाही सांगेल. तेव्हा ती पूड कोणाच्या घरात जाऊन बसत असेल, हे सांगण्यास पंडित नको. बंदराच्या कुशीला खारीवाडा ही कोळ्यांची वस्ती आहे. २०१७ साली बंदराच्या विस्ताराविषयी वास्कोत जनसुनावणी झाली तेव्हा कोळशाला कसून विरोध झाला. २०२० च्या नोव्हेंबरात, बंदरापासून कोसभर नव्हे, चांगल्या काही कोसांवर असलेल्या चांदर गावी, लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला विरोध करण्यासाठी हजारो माणसे रात्री रुळांपाशी जमली होती. पृष्ठप्रदेश बोलू लागला तो असा.

आता सरकार स्वस्थ बसले आहे, असे मुळीच नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'हरित सागर' या नावाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. धक्क्यावरच्या जहाजांना किनाऱ्यावरून वीज द्यावी, म्हणजे त्यांची डिझेलची यंत्रे बंद ठेवता येतील. यंत्रसामग्री विजेवर चालवावी. सूर्यप्रकाश आणि वारा यांपासून शक्ती घ्यावी, अशी तिची दिशा आहे. त्याच वर्षी मुरगावने स्वच्छ जहाजांना बंदरशुल्कात सवलत देण्याची योजना सुरू केली. हे सर्व स्तुत्यच आहे. किनाऱ्यावरची वीज कोळसा जाळूनच आली तर धूर बंदरावरून उठून वीजकेंद्राच्या गावी जातो, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

माझी तक्रार त्या मार्गदर्शिकेतल्या मापाविषयी आहे. तिचे ध्येय असे: दर टन मालामागे होणारे कार्बन-उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी घटवायचे. विद्यार्थी मित्रांनो, हे गणित फळ्यावर मांडून पाहा. समजा, माल १०० टन आणि दर टनामागे धूर १० किलो. एकूण धूर १००० किलो. आता धूर ३० टक्क्यांनी घटून ७ किलो झाला, पण माल दुप्पट झाला. एकूण धूर १४०० किलो! ध्येय गाठले, सत्कार झाला, आणि धूर चाळीस टक्क्यांनी वाढला. पुढे ७० टक्के घट साधली तरी माल साडेतीनपट होताच बेरीज पुन्हा मूळ आकड्याच्या वर जाते. आणि माल वाढवणे हेच तर प्रत्येक बंदराचे ब्रीद. शिवाय हे माप कार्बन वायूचे आहे, कोळशाच्या पुडीचे नव्हे. खारीवाड्यातली म्हातारी दर टनामागे श्वास घेत नाही. ती एकूण हवेत श्वास घेते.

एकूण मोजणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतील लॉस एंजेलिस बंदर जहाजे, मालमोटारी, यारी, इंजिने यांच्या धुराची बेरीज दरवर्षी प्रसिद्ध करते. शेजारच्या लाँग बीच बंदरासह त्याने २००६ साली हवाशुद्धीची योजना हाती घेतली. २००८ पासून अतिशय जुन्या मालमोटारींना फाटकातच अडवले आणि डिझेलच्या सूक्ष्म कणांचे एकूण प्रमाण २००५ च्या मानाने ८० टक्क्यांहून अधिक खाली आणले. व्यापार काही बुडाला नाही.

आपल्याकडे याउलट एक सोपा मार्ग निघाला. चेन्नई बंदरातल्या धुळीविरुद्ध न्यायालयाचा आदेश झाला आणि २०११ च्या ऑक्टोबरपासून तेथे कोळसा व लोहखनिज उतरवणे बंद पडले. शहरवासीयांना त्याचा दिलासा मिळाला, यात शंका नाही. परंतु कोळसा नाहीसा झाला नाही. तो उत्तरेला एन्नोरकडे वळला, आणि एन्नोरलाही माणसेच राहतात.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, 'मास्तर, पोलाद पाहिजे ना? मग कोळसा लागणारच.' लागेल, काही काळ तरी लागेल. पण मग तो बंद पट्ट्यांवरून न्यावा, छपराखाली साठवावा, झाकलेल्या वाघिणींतून धाडावा, आणि त्याचा खर्च मालाच्या भाड्यात घालावा. नुसते पाणी शिंपडून भागत नाही; तेच पाणी काळे होऊन खाडीत उतरते. आज हा खर्च कोणी देत नाही, असे थोडेच आहे? दिवसातून तीनदा लादी पुसणारी गृहिणी तो देतेच, पण तिची कोणत्याच हिशेबात नोंद होत नाही. बंदराच्या कुंपणावर धूळमापक बसवावे, त्याचा आकडा रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता यावा, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की त्या दिवशी पंजा थांबावा. एवढे झाले तर छप्पर बांधण्याची घाई बंदराला आपोआप होईल.

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात वाढवण येथे नवे बंदर होत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची कोनशिला बसली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, क्षमता वर्षाला २९८ दशलक्ष टन, आणि त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव. डहाणूच्या बाजूचे मच्छीमार वर्षानुवर्षे त्याला विरोध करीत आले आहेत. येथे मुख्यतः पेट्यांतला माल येणार, तेव्हा मुरगावसारखी काळी पूड कदाचित उडणार नाही. पण मासे जेथे अंडी घालतात तेथे दगड पडला, तर त्याचे माप दर टनात कसे काढणार? मुरगावला जुन्या धक्क्यांवर छप्पर चढवावे लागत आहे. वाढवणचे धक्के अजून बांधायचे आहेत; एकूण धुराची मर्यादा आणि मच्छीमारांच्या नुकसानीचा हिशेब त्यांच्या करारातच लिहिता येईल, तोही पहिले जहाज लागण्यापूर्वी.