जुनी मोटार: आधीं काय, मागाहून काय?

आजोबांची किंवा वडिलांची जुनी मोटार भंगारांत न घालतां घरच्या घरीं पुन्हा उभी करावी, अशी हौस आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांस, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या वडिलांस, असल्याचें आमच्या पाहण्यांत आहे. ही हौस स्तुत्य होय. हातास काळें लागल्यावांचून यंत्र समजत नाहीं. आणि वर्गांत पास्कलचा नियम घोकणाऱ्या मुलास तोच नियम ब्रेकच्या पायपट्टीखालीं भेटला म्हणजे तो त्यास जन्मभर विसरत नाहीं. परंतु या कामीं पैसा, वेळ आणि जागा हीं तिन्ही तोकडीं असतात. सबब आधीं काय करावें आणि मागाहून काय, हा प्रश्न पहिल्या दिवशींच उभा राहतो. त्याचें उत्तर बहुतेक घरीं चुकतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि ही चूक कधीं कधीं जिवावर बेतणारी असते, म्हणून हा लेखनप्रपंच.

उदाहरणासाठीं आपणां सर्वांच्या ओळखीची गाडी घेऊं. मुंबईंत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांतून १९६४ सालीं फियाट ११०० डिलाइट या नांवानें जी मोटार निघूं लागली, तिलाच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हें नांव मिळालें. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें एंजिन, स्टिअरिंगच्या खांबास जोडलेला गिअरचा दांडा, आणि चारी चाकांस ड्रमचे ब्रेक, अशी जुन्या पद्मिनीची साधी रचना. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें मुंबईकरांची कित्येक वर्षें सेवा केली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदविली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरतांच ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या उतरल्या. घरगुती पद्मिनी मात्र अजूनही वाड्यांत आणि अंगणांत उभ्या आहेत.

अशी गाडी हातीं घेतली कीं पहिला विचार सुचतो तो रंगाचा. त्याचें नवल नाहीं. शेजारीपाजारी रंगच पाहतात. गाडीखालच्या नळ्या पाहण्यास कोणी वांकत नाहीं. पत्र्याचें काम करणारा कारागीरही पुष्कळदां गिऱ्हाइकाच्या मनासारखें बोलतो, गंजलेल्या भोकांत लांबी भरतो आणि वरून आरशासारखा रंग चढवून देतो. एक-दोन पावसाळे गेले, विशेषतः कोंकणांतले, कीं त्या रंगाखालीं फोड उठूं लागतात. वरून कीर्तन आंतून तमाशा, अशी त्या गाडीची स्थिति होते.

आणि हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नव्हे. मालमोटारीच्या सांगाड्याप्रमाणें या गाडीस निराळी लोखंडी चौकट नसते. पत्र्याची पेटी हींच तिचीं हाडें. दाराच्या उंबरठ्याखालची पोकळ पेटी, पायांखालचा पत्रा, आणि स्प्रिंगा जेथें जोडल्या आहेत त्या जागा, यांत गंज शिरला म्हणजे गाडीची आघात सोसण्याची शक्तीच जाते. स्क्रूड्रायव्हरचें टोंक या ठिकाणीं दाबून पाहावें. पत्रा बिस्किटासारखा फुटला, तर रंगाच्या डब्यासाठीं काढून ठेवलेले पैसे कशावर खर्चावयाचे हें निराळें सांगण्याची गरज उरत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कामाचें महत्त्व आणि कामाची पाळी या दोन गोष्टी एक नव्हेत. घरोघरीं जो गोंधळ होतो तो त्यांची गल्लत केल्यामुळें. महत्त्व ठरवितांना प्रत्येक भागाविषयीं विचारावें, कीं हा भाग भरधाव गाडींत एकाएकीं निकामी झाला तर काय होईल? काच वर सरकली नाहीं तर माणूस भिजेल; बॅटरी उतरली तर चार जणांस धक्का मारावा लागेल; ब्रेक गेला तर मात्र आपल्याबरोबर रस्त्यावरचें परक्याचें लेंकरूंही जाईल. पाळी ठरवितांना निराळा प्रश्न विचारावा, कीं हें काम आज केलें तर उद्यांच्या कामासाठीं तें मोडावें लागेल काय? महत्त्वानें ब्रेक पहिला खरा. परंतु ब्रेकच्या नळ्या गाडीच्या तळाशीं बसविलेल्या असतात, म्हणून तळाचा पत्रा कापून जोडावयाचा असेल तर वेल्डिंग आधीं आणि नळ्या मागाहून. वेल्डिंगच्या ठिणग्यांनीं तारा जळतात, गाद्या पेट घेतात. म्हणून गाद्या व जवळच्या तारा आधीं बाहेर, आणि पेट्रोलची टांकी तर सर्वांच्या आधीं. नवा रंग त्या आंचेनें करपतो, म्हणून तो शेवटीं.

या सर्वांच्याही आधीं एक बिनखर्चाचें काम असतें, व तेंच विसरलें जातें. गाडीचा नाश चालू असेल तो थांबवावा. तिला छप्पर द्यावें, दारांच्या तळाशीं पाणी वाहून जाण्याचीं भोकें असतात तीं मोकळीं करावीं, भिजलेलीं पायपुसणीं फेंकून द्यावीं. प्लॅस्टिकचें कापड मात्र गच्च गुंडाळूं नये. आंतला दमटपणा त्यानें कोंडला जातो आणि गंज उलट वाढतो.

आतां ब्रेकविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. पायपट्टी पायाला घट्ट लागते म्हणजे ब्रेक चांगले, ही समजूत खोटी आहे. लोक ज्यास ब्रेक ऑइल म्हणतात तें खरोखर तेल नव्हे. सामान्यतः वापरांत असलेला हा द्रव हवेंतील दमटपणा हळूहळू शोषून घेतो. त्यामुळें तो कमी उष्णतेवर उकळूं लागतो. घाट उतरतांना ड्रम तापले कीं नळींत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढें पोंचवीत नाहीं, आणि पायपट्टी तळाशीं जाऊन बसते. शिवाय त्याच पाण्यानें सिलिंडर आंतून गंजतात, आणि रबरी नळ्या वरून धडधाकट दिसत असतां आंतून फुगून बंद होतात. जुन्या गाड्यांत चारी चाकांस एकाच मार्गानें दाब पोंचतो. एक नळी फुटली कीं चारी चाकें मोकळीं. म्हणून गळतें तेवढें एकच चाक दुरुस्त करण्याची काटकसर आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मास्टर सिलिंडर, चारी चाकांचे सिलिंडर व सर्व रबरी नळ्या एकदम पाहाव्या, आणि द्रव संपूर्ण नवा घालावा. एंजिनचें तेल त्यांत चुकूनही ओतूं नये. त्यानें आंतलें रबर फुगून निकामी होतें.

स्टिअरिंगचे सांधे आणि टायर यांची पायरी ब्रेकच्या शेजारचीच. टायरवरची नक्षी पुष्कळ शिल्लक आहे म्हणून कोणी फसूं नये. २००० सालापासूनच्या टायरच्या बाजूस चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. ३४०९ असें वाचलें तर तो टायर २००९ च्या चौतिसाव्या आठवड्यांतला; नक्षी कितीही ताजी असो, त्याचें रबर म्हातारें झालें आहे.

त्यानंतर आग लागूं शकेल अशीं ठिकाणें. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा आणि चिरलेल्या पेट्रोलच्या नळ्या एकाच झांकणाखालीं असूं नयेत, हें कोणासही पटेल. अलीकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या गाडीचें रबर त्यासाठीं केलेलें नव्हतें. नळी स्वस्त आहे. ती बदलावी.

एंजिन या यादींत इतक्या खालीं कां, असें मुलें विचारतील. त्यांचें म्हणणें असें, कीं एंजिनचा आवाज ऐकल्यावांचून कामांत जीव लागत नाहीं. हें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. महिनोन् महिने नुसता गंज खरवडणाऱ्याचा उत्साह मावळतो, व अर्धवट उघडलेल्या गाड्या शेवटीं भंगाराच्या भावानें जातात, हें आम्ही पाहिलें आहे. म्हणून एंजिन अवश्य चालवून पाहावें. वर्षानुवर्षें बंद असेल तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, एंजिन हातानें फिरवावें, आणि मगच स्टार्टर लावावा. परंतु आवाज ऐकणें निराळें आणि गाडी रस्त्यावर नेणें निराळें. उत्साह टिकविण्याची दुसरी युक्ति अशी, कीं सारी गाडी एकदम उघडूं नये. एक अंग उघडावें, पुरें करावें, मिटावें, मग दुसरें.

मुलांस हाताशीं घेणाऱ्या वडिलांस दोन गोष्टींची विनंति. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणासही शिरूं देऊं नये. भक्कम लोखंडी घोड्या लावाव्या, विटा नव्हेत, कारण वीट सूचना न देतां फुटते. दुसरी, जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें; ड्रममधली धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

सीटच्या पट्ट्यांविषयीं घरोघरीं वाद होतो. जुन्या गाडीस ते मूळचे नव्हते, लावले तर अस्सलपणा जाईल, असें शौकीन म्हणतात. प्रदर्शनांत दोन गुण कमी पडले तरी चालतील, पण पट्टे लावावे, असें आम्ही म्हणतों. मात्र ज्या पत्र्यास ते जोडावयाचे तो शाबूत असला पाहिजे, म्हणजे पुनः तोच गंजाचा प्रश्न. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते आणि पुढें पांच पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. त्या वेळच्या तपासणीस जाण्यापूर्वीं ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग यांची तपासणी घरींच करावी, व तीही परीक्षकाहून कडक.

एवढें सारें झाल्यावर पैसे उरले तर रंग. पद्मिनीस फिका निळा शोभतो कीं पांढरा, हा निर्णय घरांतील आईवर सोपवावा. इतके महिने अंगण अडवून ठेवल्यावर तिचा तेवढा हक्क आहेच.