अर्धी उत्तीर्णता

शाळा मध्येच सुटलेल्या प्रौढांसाठी अमेरिकेत ‘जीईडी’ नामक परीक्षा आहे; उत्तीर्ण होणारास हायस्कूलच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळते. १९४२ साली ती सैनिकांसाठी निघाली. २०१४ च्या जानेवारीत पाच विषयांचे चार झाले, कागद जाऊन संगणक आला. हे एक वेळ समजू शकते. परंतु जुन्या पाचांपैकी चार विषय सोडवलेल्या उमेदवाराचा पाचवा २०१३ अखेर राहिला, की चारही रद्द! मुदत आधी जाहीर झाली होती, हे खरे. तरी कायदा बदलताना मिळालेला हक्क राखणारे कलम घालतात. येथे ते नव्हते. म्हणून परीक्षा बदलणार असे ऐकताच प्रथम मुदत विचारावी, राहिलेला विषय पुरा करावा. नवी पुस्तके मागाहून.