इमारत नाही, म्हणून संग्रहालय नाही?

समकालीन कलेचं संग्रहालय कलाकारांनीच काढायचं, त्यांनीच चालवायचं आणि ते एका जागी ठेवायचंच नाही, असं म्हटलं की आपली जाणती मंडळी हसतात. इमारत नाही, कायमचा संग्रह नाही, संचालकाला खुर्ची नाही. याला संग्रहालय म्हणायचं, तर गणपतीच्या मांडवालाही देऊळ म्हणा, हा टोला ठरलेला. टोला चांगला आहे, पण मारणाऱ्यावरच उलटतो. मांडवातल्या मूर्तीचीही प्राणप्रतिष्ठा होते, आणि नवस बोलणारे मांडवाचा सातबारा मागत नाहीत.

मुळात हा प्रकार आजच्या हौशी पोरांनी काढलेला नाही. मार्सेल ब्रोतार्स हा बेल्जियन कवी. आपल्या कवितासंग्रहाच्या न खपलेल्या प्रती १९६४ साली प्लास्टरमध्ये रोवून तो शिल्पकार झाला. २७ सप्टेंबर १९६८ रोजी त्याने ब्रुसेल्समधल्या राहत्या जागेत ‘आधुनिक कला संग्रहालय, गरुड विभाग’ उघडलं. आत काय होतं? चित्रांची ने-आण करायची रिकामी लाकडी खोकी, त्यांवर ‘जपून हाताळा’ छापाच्या सूचना आणि भिंतीवर एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांची पोस्टकार्डं. उद्घाटनाचं भाषण मात्र योहानेस क्लाडर्स या एका खऱ्याखुऱ्या जर्मन संग्रहालयाच्या संचालकाने ठोकलं. वर्षभराने तो विभाग बंद झाला, पुढचा अँटवर्पला. १९७२ साली ड्युसेलडॉर्फला तर त्याने तीनशेहून अधिक गरुड मांडले. चित्रांतले, शिल्पांतले, जाहिरातींतले. कितीतरी नामांकित संग्रहालयांकडून उसने आणलेले. प्रत्येकाशेजारी तीन भाषांत चिठ्ठी: ही कलाकृती नव्हे.

हे विडंबन झालं, संग्रहालय कुठे झालं, असं यावर म्हणतात. ब्रोतार्स स्वतःच त्याला काल्पनिक म्हणत असे, मान्य. पण अमुक वस्तू कला ठरते ती कुणाच्या शब्दावर, हा प्रश्न त्या चिठ्ठ्यांनी बघणाऱ्याच्या डोक्यात सोडला. पक्क्या संग्रहालयातली चिठ्ठी असं काही विचारत नाही. तिला उत्तर आधीच ठाऊक असतं.

आणि ज्यांना विडंबन चालत नाही, त्यांनी ग्वाटेमाला सिटीकडे बघावं. तिथे समकालीन कलेला वाहिलेलं संग्रहालयच नव्हतं. सरकारची वाट बघत बसण्याऐवजी जेसिका कायरे आणि स्टेफान बेंचोआम या दोन कलाकारांनी २०१२ साली अंडी विकायची एक टपरी घेतली. टपरीही अंड्याच्याच आकाराची, जेमतेम दोन बाय अडीच मीटर. चार माणसं आत शिरली की पाचव्याने बाहेर थांबायचं. नाव मात्र भारदस्त, ‘नवं समकालीन कला संग्रहालय’, लाडाने ‘नुमू’. २०१७ साली लॉस एंजेलिसच्या लॅक्मा या बलाढ्य संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी या अंड्याची प्रतिकृती मेक्सिको ओलांडून रस्त्याने तिथवर गेली. एवढ्याशा जागेत कलाकाराला वीतभर भिंतसुद्धा वाया घालवता येत नाही. दहा दालनांच्या वास्तूत निम्म्या भिंतींवर भरतीचा माल असतो, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

कलाकार आपल्याच मित्रांची चित्रं लावतील, ही भीती घालणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, विश्वस्त मंडळं काय साधुसंतांची असतात? संग्राहकच विश्वस्त असला, तर कुणाच्या चित्रांचा भाव वधारतो? इथे निदान कोण कुणाचा मित्र हे उघड दिसतं. मुंबईतही वास्तूच्या आधी माणसंच आली: प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७चा, जहांगीर कलादालन १९५२चं.

एक आक्षेप मात्र उडवून लावता येत नाही, तो जतनाचा. दमट हवा, बुरशी, वाळवी यांच्याशी झुंजणं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला झेपत नाही. पण पक्की भिंत असली की जतन झालंच, हेही खरं नाही. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतेकांची राख झाली. फिरत्या संग्रहालयाने वस्तूंचा हव्यास धरूच नये. त्याने नोंदवही चोख ठेवावी: काय मांडलं, कुठे, कुणाकडून आणलं, कधी परत केलं. ड्युसेलडॉर्फचे गरुड आपापल्या मालकांकडे गेले, पण त्या प्रदर्शनाचा दोन खंडांचा कॅटलॉग अभ्यासक आजही उघडतात. या बाबतीत आपले बहुतेक कलाकार आळशी आहेत, हे आक्षेपकांच्या वतीने मीच सांगून टाकतो.

राहता राहिला पैसा. १९७१च्या कोलोन कला मेळ्यात ब्रोतार्सने दिवाळखोरीचं कारण देऊन आपलं संग्रहालयच विक्रीला काढलं. गिऱ्हाईक मिळालं नाही. गरुडाचा छाप मारलेल्या सोन्याच्या लगडीही त्याने विकायला ठेवल्या, किंमत बाजारभावाच्या दुप्पट. म्हणजे अर्धी सोन्याची, अर्धी कलेची. कुठल्याही संगमरवरी संग्रहालयाच्या हिशेबनिसाने कलेची किंमत इतकी स्वच्छ वेगळी काढून दाखवावी, मी हा लेख मागे घेईन.