गरिबीचं रेशनकार्ड

'द स्ट्रीट्स'चा 'ओरिजिनल पायरेट मटेरियल' कुणालाही ऐकवा, तीन वाक्यं ठरलेली. "हे कसलं रॅप? हा तर नुसता बोलतोय." "यात काही घडतच नाही यार!" आणि तिसरं, सगळ्यात शहाणं, "अरे, तो काही खरा गरीब नाहीये, माहितेय ना?" आज तिघांनाही एकदाच उत्तर देऊन टाकतो.

आधी थोडी माहिती. अल्बम आला मार्च २००२ मध्ये. 'द स्ट्रीट्स' म्हणजे बँड-बिंड काही नाही, माइक स्किनर नावाचा एकटा प्राणी, तेव्हा वय वर्षं २३. वाढला बर्मिंगहॅममध्ये. बहुतेक रेकॉर्डिंग लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या भाड्याच्या खोलीत झालं. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात गाद्या-रजया कोंबल्या आणि तिथे उभं राहून गायला. नावातलं 'पायरेट' आलं ते पायरेट रेडिओवरून. लंडनमध्ये उंच इमारतींच्या गच्च्यांवर अँटेना लावून विनापरवाना स्टेशनं चालायची आणि 'यूके गराज' हे संगीत त्यांच्यावरूनच पसरलं. स्किनरचे बीट्स त्याच घराण्यातले.

आता पहिला आक्षेप. नुसता बोलतोय? हो, बोलतोयच. स्वतःच्या तोंडाने बोलतोय, निम्मा बर्मिंगहॅम, निम्मा लंडन. तुम्हाला ते रॅप वाटत नाही, कारण तुमचा कान अमेरिकन हेलाला सरावलाय. (हे करणारा तो पहिला असं छातीठोक सांगणारेही चुकतात. 'लंडन पोसी' १९९० मध्येच लंडनच्या बोलीत रॅप करत होते.)

दुसरा आक्षेप, काही घडत नाही. अहो, तोच तर विषय आहे! प्लेस्टेशन, बिअर, गांजा, टेकअवेचं तेलकट खाणं, सोडून गेलेली मुलगी, आणि पुन्हा सोमवार. 'गीझर्स नीड एक्साइटमेंट' ऐका. मारामाऱ्या कुठून येतात? कंटाळ्यातून. कष्टकरी वस्तीतला बहुतेक वेळ गोळीबारात जात नाही, वाट बघण्यात जातो. बसची, पगाराची, शुक्रवारची. आपल्याला मात्र त्या वस्तीत बंदूक निघालेली हवी असते. एसी केबिनमध्ये हेडफोन लावून ऐकायला थरार बरा वाटतो ना.

आणि राजकारण नाही म्हणणाऱ्यांनी 'वीक बिकम हीरोज' ऐकावं. १९९४ साली ब्रिटिश सरकारने 'क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्ट' आणला. त्यात रेव्ह पार्ट्या बंद पाडायचे अधिकार पोलिसांना दिले आणि हे संगीत म्हणजे काय, तर एकामागोमाग येणारे तेच तेच ठोके, अशी व्याख्या चक्क कायद्यात घातली! सरकारी कारकुनाने संगीताची व्याख्या केली की ती अशी होते. स्किनर त्या नाचाच्या रात्रीची आठवण सांगतो, जिथे अनोळखी माणसं काही तासांपुरती का होईना, एका पातळीवर आली. आणि या कायद्याबद्दल सरकारवर राग काढतो.

आता तिसरं वाक्य. खरा गरीब नाही. बरं, नाही. त्याने तसा दावाही केलेला नाही. पण हा दाखला मागतंय कोण? आपण, महिन्याच्या शेवटी ज्यांच्या खात्यात पगार आपोआप पडतो ते. पिवळं रेशनकार्ड दाखवल्याशिवाय माणसाला साध्या आयुष्याबद्दल बोलू द्यायचं नाही, हा कुठला नियम? २००३ मध्ये डिझी रास्कलचा 'बॉय इन द कॉर्नर' आला, पूर्व लंडनच्या बो भागातल्या कौन्सिल इस्टेटमधून, आणि जेमतेम १८ वर्षांच्या या पोराने मर्क्युरी प्राइझ नेलं. जबरदस्त अल्बम आहे, वादच नाही. पण तो जबरदस्त आहे ते डिझीच्या ठोक्यांमुळे आणि शब्दांमुळे, त्याच्या पत्त्यामुळे नाही. पत्त्याला मार्क देणं म्हणजे त्याच्या कामाचाही अपमानच.

स्किनरला धरायचंच असेल तर 'द आयर्नी ऑफ इट ऑल'साठी धरा. त्यात दारू पिऊन मारामाऱ्या करणारा टेरी स्वतःला कायदा पाळणारा समजतो आणि गांजा ओढणारा निरुपद्रवी विद्यार्थी टिम गुन्हेगार ठरतो. गंमत भारी आहे, पण टेरी बिचारा नुसता बुजगावणं झालाय आणि सगळी समजूतदार वाक्यं टिमला मिळालीत. इथे स्किनरही आपल्यासारखाच वरून बघतो. असा आक्षेप घ्या, मी चहा पाजेन. पण त्यासाठी गाणं ऐकावं लागतं. जन्मदाखला तपासणं सोपं पडतं.

जाता जाता, अल्बमचं कव्हर नीट बघा. रूट ब्लीस लक्सेम्बर्ग यांचा १९९५ चा फोटो, रात्रीची लंडनमधली उंच इमारत, काही खिडक्यांत दिवे. लांबून बघणाऱ्याला ती एकच इमारत दिसते. आत प्रत्येक दिव्याखाली कुणीतरी चहा ओततंय, भांडतंय, टीव्हीसमोर पेंगतंय. त्यात 'घडत' काही नाही. पण राहतात ती माणसं तिथे.