संगणकाचा पंचनामा करणारे

११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. तिजोरी फुटली नाही की गोळी सुटली नाही. २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. अशा दरोड्याचा माग काढतो तो सायबर न्यायवैद्यक तज्ज्ञ. संगणक बंद होताच त्याच्या तात्कालिक स्मृतीतील खुणा पुसल्या जातात, म्हणून तो प्रथम त्या टिपतो. मूळ डिस्कमध्ये तिळमात्र बदल न करता तिची हुबेहूब प्रत घेतो आणि ‘हॅश’ या डिजिटल ठशाने तिची सत्यता सिद्ध करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तज्ज्ञाचे प्रमाणपत्रही आवश्यक ठरले आहे. या कामात ढिलाई झाली, तर चोर सापडूनही पुरावा न्यायालयात टिकणे कठीण.

तरीही पालकांची दृष्टी सॉफ्टवेअर कंपनीच्या पगारापलीकडे जात नाही आणि अनेक संस्थांना हा तज्ज्ञ आठवतो तो घर लुटल्यावरच. सहकारी बँकांत सामान्य माणसाच्या घामाचा पैसा आहे. त्याच्या रक्षणासाठी हे पद कायमस्वरूपी असावे आणि बुद्धिमान तरुणांनी ते अभिमानाने स्वीकारावे. हेही राष्ट्ररक्षणच आहे!