शाळा सुटली म्हणून शिकणं का सुटावं?

दहावीचा निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. नव्वद टक्केवाल्या मुलांचे फोटो आणि त्यांच्या वर पुढाऱ्यांचे दुप्पट मोठे. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण जी पोरं नापास झाली किंवा आठवी-नववीतच गळाली, त्यांचं काय झालं हे आपण कोणी विचारतो का? पोरगा गॅरेजवर लागतो, पोरीसाठी स्थळं बघायला लागतात. वय किती, तर पंधरा-सोळा!

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतचा. चौदा संपली की हे मूल कोणाचंच नसतं. शाळेच्या पटावर नाव नाही, म्हणून शिक्षक विचारत नाहीत. आणि घरचे म्हणतात, "त्याचं डोकंच नाही अभ्यासात."

माझं म्हणणं सरळ आहे. रस्ते बंद नाहीयेत, ते आहेत हे सांगणारं कोणी नाहीये.

दहावीत नापास झालात तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा मधेच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते. फक्त त्याची मुदत चुकवायची नाही. तेही झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. तिथे मराठीतून दहावी करता येते आणि एका दमात सगळे विषय द्यायची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. दिवसा काम करणाऱ्या मुलासाठी यापेक्षा सोयीचं काय हवं?

ज्याचं डोकं पुस्तकात नाही पण हात चालतात, त्याच्यासाठी आयटीआय आहे. तिथले काही ट्रेड दहावी नापासांनाही खुले असतात. आणि पुणे जिल्ह्यातलं पाबळ माहीत आहे ना? डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम हातांनी करत शिकतात. शाळेत न जमलेलं गणित लोखंड कापताना मापं घेत समजतं. नापास झालेला पोरगा ढ नसतो, हे पाबळने कधीच दाखवून दिलंय.

काही जण म्हणतील, आता मोबाईलवर सगळंच मिळतं की. मिळतं, खरंय. बालभारतीची पुस्तकंसुद्धा फुकट मिळतात. पण मोबाईल "काल का नाही आलास?" असं विचारत नाही. या वयात मुलाला लागतं ते ठरलेली वेळ, बसायला जागा आणि अडलं तर विचारायला एक माणूस. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती हेच ओळखून. आज आपल्याकडे वीज आहे, इमारती आहेत, फक्त संध्याकाळी त्यांना कुलूप असतं.

म्हणून मला तीन गोष्टी हव्यात. एक, सार्वजनिक वाचनालय संध्याकाळी सात ते नऊ या मुलांसाठी उघडं राहावं. अनुदान जनतेचं आहे, नुसती पेपर वाचायची खोली नको. दोन, ग्रामपंचायतीने किंवा वॉर्ड ऑफिसने १४ ते १८ वयाच्या, शाळेत नसलेल्या मुलांची यादी करावी आणि घरोघरी जाऊन हे पर्याय सांगावेत. तीन, १७ नंबर आणि एनआयओएसच्या तारखा त्याच चौकात फ्लेक्सवर लावाव्यात.

आणि आपणही एक करू शकतो. गॅरेजवर, हॉटेलात, किराणा दुकानात जो 'छोटू' दिसतो, त्याला फक्त विचारा, "कितवीपर्यंत शिकलास? पुढं करायचंय का?" मी विचारतो. बहुतेक जण आधी लाजतात, मग हळूच म्हणतात, "करायचंय, पण आता कसं जमणार?"

जमतं. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं, आणि मुलीला तर तिचं लग्न ठरायच्या आधी.